चौदा वर्षांखालील

"रघ्या, एकटाच हाईस! सोड, सोड!"

बाजूच्या रेषेवरून आबाकाका जीव तोडून ओरडत होते. बॉल माझ्या डाव्या पायापुढं दोन हातांवर होता आणि समोर फक्त टेकडी तालमीचा गोली उरला होता. एवढंसं पोरगं. जर्सी गुडघ्यापर्यंत आलेली, बाह्या दोनदा दुमडलेल्या. एखादा शहाणा गोली जागेवरच उभा राहिला असता. हे पोरगं मात्र डोळे मोठे करून थेट माझ्या अंगावर धावत आलं. भ्यालं नाही, एवढं मला दिसलं. मीही थांबलो नाही.

मी डाव्या पायानं बॉल सोडला. तो त्याच्या कुशीखालून जाळ्यात गेला आणि त्याच झपाट्यात माझा गुडघा त्याच्या हातावर आदळला. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला.

तो आवाज मी ऐकला होता. तरी मी दोन्ही हात वर करून कोपऱ्यातल्या झेंड्याकडं पळत सुटलो. मागून आमची सगळी पोरं येऊन अंगावर पडली. शिट्टी झाली. दोन-एक. नागझरी तालीम फायनलला गेली होती, तीसुद्धा अकरा वर्षांनी.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. इथं तालमीत कुस्ती कमी आणि फुटबॉल जास्त. मॅच हरली तर पेठेत त्या दिवशी मटण शिजत नाही. ही स्पर्धा चौदा वर्षांखालच्या पोरांची असली, तरी मैदानाच्या भिंतीवर बसायला जागा नव्हती. मोठ्या माणसांनी मला खांद्यावर घेतलं. कुणीतरी गुलालाची मूठ माझ्या डोक्यावर रिकामी केली.

खांद्यावरून मी आमच्या कोचला शोधत होतो. अब्दुल गणी बागवान. सगळे त्यांना गणीचाचा म्हणायचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आणि गेली वीस वर्षं रोज पहाटे साडेपाचला मैदानावर हजर असायचे. मॅच जिंकली की आधी समोरच्या टीमशी हात मिळवायचा आणि मग नाचायचं, हा त्यांचा नियम होता. त्या दिवशी आमच्यातल्या एकाही पोराला तो आठवला नाही.

चाचा मला दिसले ते मैदानाच्या पलीकडच्या टोकाला. त्या पोराला त्यांनी छातीशी उचलून घेतलं होतं आणि ते रिक्षाकडं चालले होते. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही.

मी त्या वेळी सोळा वर्षांचा होतो.

हे आमच्या घरात तिघांना माहीत होतं: आईला, आबाकाकांना आणि मला. वडील फाउंड्रीत दोन-दोन पाळ्या करायचे, त्यांच्या डोक्यात असली भानगड शिरलीच नसती. दोन वर्षांपूर्वी आम्ही भुदरगडातल्या गावाकडून कोल्हापुरात आलो. गावात माझी शाळा दोन वर्षं सुटली होती. आबाकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, नागझरी तालमीचे सेक्रेटरी. त्यांनी गावाकडून माझा नवा दाखला आणला. त्या कागदावर मी तीन वर्षांनी लहान झालो होतो.

"कुणी इचारलं तर अकरा म्हणायचं," काका म्हणाले होते. "सगळ्या तालमी असंच करत्यात. तू एकटा न्हाईस."

मी अकरा म्हणायला शिकलो. पहिल्यांदा जीभ अडखळली, नंतर सवय झाली. खरं सांगायचं तर मला ते आवडायलाही लागलं होतं. गावाकडं मी कुणीच नव्हतो. इथं माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या पोरांमधून बॉल घेऊन निघालो की माणसं माझं नाव घेऊन ओरडायची.

माझा डावा पाय मात्र खरा होता. तो गणीचाचांनी घडवला होता. पहिल्याच महिन्यात त्यांनी बघितलं, की मी प्रत्येक बॉल उजव्याच पायावर ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा उजवा बूट काढून स्वतःच्या पिशवीत टाकला. "आता उजव्यानं मार बघू," म्हणाले. थंडीतल्या पहाटे अनवाणी पायानं तो जड बॉल एकदाच मारला आणि कळवळून खाली बसलो. चार महिने मी एका बुटानं खेळलो. पोरं हसायची. चार महिन्यांनी डावा पाय असा चालायला लागला, की कुठला पाय आपला हेच मी विसरलो. चाचांनी बूट परत दिला आणि म्हणाले, "हं. आता दोन पायांचा माणूस झालास."

सेमीफायनल शुक्रवारी झाली. फायनल रविवारी होती. शनिवारी दिवस कलायला गणीचाचा आमच्या घरी आले. ते कधीच कुणाच्या घरी जायचे नाहीत, म्हणून आई गडबडून गेली.

"बसा की, चाचा. रघू, पाट दे त्यास्नी. आबाभावजी तालमीत गेल्यात, बोलवू का?"

"नको. असाच आलोय, वैनी. पोराच्या घरी एकदा येऊन जावं म्हटलं."

आईनं चहा टाकला. माझी बहीण मंगल चुलीपाशी शाळेचं पुस्तक घेऊन बसली होती. चाचांनी तिला विचारलं, "कितवीला गं तू?"

"आठवीला."

"चौदावं सरलं बगा आत्ता संक्रांतीला," आई म्हणाली. तिच्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. पाहुणा आलाय, तर लेकराबाळांचं बोलावं, एवढंच.

"आणि रघू?"

"रघू थोरला. मधी एक पोरगं गेलं माझं, मग ही झाली. अडीच वरसाचं अंतर हाय दोघांत."

आई बोलून गेली आणि तिचा हात तसाच बशीवर थांबला. काकांनी तिला बजावून ठेवलं होतं. ती माझ्याकडं बघायला लागली. मी जमिनीकडं बघायला लागलो. 

चाचांनी आईला एक शब्द विचारला नाही. "वैनी, चहा झकास झालाय," म्हणाले, आणि उठले. दाराशी गेल्यावर मला म्हणाले, "चल रे, जरा पाय मोकळे करून येऊ."

आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो.  मला वाटलं होतं, ते मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ते पोरगं पुरुषांच्या वॉर्डात एका कडेच्या खाटेवर होतं. पोरांसाठी वेगळी खाट मिळाली नसावी. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये. बाजूला त्याचा बाप स्टुलावर बसलेला. ट्रक ड्रायव्हर असावा, अंगात खाकी शर्ट. मला बघून तो उठला, पण चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तसा पुन्हा बसला. त्याच्या कपाळावरच्या शिरा मला अजून आठवतात.

पोराचं नाव अमृत कारंडे. मी खाटेपाशी जाऊन उभा राहिलो.  पोरगंच आधी बोललं.

"दादा, तुमचा शॉट लई भारी होता. मी उडी मारायच्या आधीच गेला."

दादा. तो मला दादा म्हणाला. कागदावर आम्ही दोघं एकाच वर्षाचे होतो. मैदानात एका वयाची पोरं एकमेकांना 'ए' म्हणतात, शिव्या देतात. त्या पोराला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं मला नुसतं बघितलं होतं, आणि त्याच्या तोंडातून आपसूक दादा आलं होतं.

"तुम्ही कितवीला आहात?" त्यानं विचारलं.

 मी वॉर्डाबाहेर येऊन जिन्यावर बसलो. थोड्या वेळानं चाचा आले आणि माझ्या शेजारी पायरीवर टेकले.

"चाचा, मी सोळाचा हाय."

"हं."

"काकांनी दाखला आणला. पण मला ठावं होतं. मी लपवलं."

"हं."

"आता मला काढून टाकणार?"

चाचांनी जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघितलं. दिवे नुकते लागत होते. "उद्या तू खेळायचं न्हाईस," ते म्हणाले. "एवढं पक्कं. बाकीचं उद्या बघू. तू आता घरी जा, जेव, झोप. माझं अजून एक काम हाय."

मी फाटकापर्यंत गेलो आणि सहज वळून बघितलं, तर चाचा घराकडं निघालेच नव्हते. ते पुन्हा जिना चढून वर चालले होते. मला वाटलं, पोराला काही द्यायचं राहिलं असेल.

घरी आबाकाकांना आईनं झालं ते सांगितलं होतं. काका लालबुंद झाले होते. "उद्या एक दिवस तोंड मिटून ऱ्हा," ते मला म्हणाले. "गणी काय बोलणार न्हाई. त्याला काय कप नकोय? आणि बोलला, तरी तू न्हाई म्हणायचं. तोंड उघडलंस तर तीन वरसं बंदी. नियम हाय तसा. तीन वरसांनी तू एकोणीसचा. मग कोण इचारतंय तुला? जा मग फाउंड्रीत बापासंगं."

काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. सोळाव्या वर्षी तीन वर्षं मैदानाबाहेर बसलेला पोरगा पुन्हा मैदानात येत नाही, हे मी पेठेत बघितलं होतं. ती रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही. सकाळी काका अंघोळीला गेले, तसा मी चप्पल न घालता घरातून निघालो.

मैदानात अजून गर्दी नव्हती. चुन्याच्या रेषा ओल्या होत्या. एका छपराखाली स्पर्धेच्या समितीचं टेबल होतं आणि टेबलामागं अध्यक्ष बसले होते, जाड भिंगांचा चष्मा लावून. मी टेबलापाशी गेलो.  सगळं एका दमात बोललो. वय किती, दाखला कसा, कुणी आणला, मला माहीत होतं, सगळं. मध्ये एकदा रडलोही असेन.

 अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "बरं केलंस, आलास," ते म्हणाले. "जा आता घरी. यंदापासून सतरा वर्षांखालच्यात खेळ. तुझ्यावर बंदी नाही."

मी पळतच घरी आलो. दुपारपर्यंत सगळ्या पेठेत बातमी झाली. नागझरी तालीम स्पर्धेतून बाद. आमच्या जागी फायनल टेकडी तालमीला खेळायला मिळाली. आणि कोच अब्दुल गणी बागवान यांना पाच वर्षं कोणत्याही टीमसोबत मैदानात पाऊल ठेवायला बंदी.

तालमीत त्या दिवशी काय झालं, ते मी बघितलं नाही, ऐकलं. माणसं चाचांना नको नको ते बोलली. ज्या पोरांना त्यांनी चालायला शिकवलं, त्यांच्याच बापांनी त्यांची बॉलची पिशवी रस्त्यावर टाकली. चाचांनी बॉल एकेक करून उचलले, मोजले, पिशवी तालमीच्या कट्ट्यावर परत ठेवली आणि निघून गेले. आबाकाका वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

मला एकच कळत होतं. मी खरं बोललो, म्हणून मी वाचलो. आणि मी खरं बोललो, म्हणून चाचा गेले.

महिनाभरानं दुसऱ्या एका तालमीचा कोच आमच्या घरी आला आणि मला सतरा वर्षांखालच्या टीममध्ये घेऊन गेला. कुणी पाठवलं, असं विचारलं तर हसला. मी खेळत राहिलो. दोन वर्षं जिल्ह्याकडून, एकदा राज्याच्या संघात राखीव. फार मोठा खेळाडू झालो नाही. पण बाविसाव्या वर्षी वीज मंडळानं त्यांच्या टीमसाठी मला नोकरी दिली आणि घराचं रूप बदललं. मंगलचं शिक्षण झालं. वडिलांची दुसरी पाळी सुटली. पुढं गुडघा गेला, तेव्हा मी पोरांना शिकवायला लागलो. आज आमच्या क्लबात साठ पोरं आणि अठरा पोरी आहेत.

गणीचाचांना मी टाळलं. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. बंदी संपली तोवर ते एसटीतून निवृत्त झाले आणि मिरजेला मुलाकडं राहायला गेले. दोन-तीन लग्नांत गाठ पडली. "गुडघा कसा हाय?" ते विचारायचे. "बरा हाय, चाचा," मी म्हणायचो, आणि कुणीतरी हाक मारल्याचं निमित्त करून सटकायचो. त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं, की ती रस्त्यावर पडलेली पिशवी दिसायची.

पोरांना मात्र मी ती गोष्ट सांगायचो. दरवर्षी मोसम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना गोल बसवायचो आणि सांगायचो, की सोळा वर्षांचा एक पोरगा होता, तो एकटा टेबलापाशी गेला, खरं बोलला आणि वाचला. म्हणून खरं बोला. पोरं टाळ्या वाजवायची. चाचांचं काय झालं, ते मी त्यात घेत नव्हतो.

अशी त्या मॅचला चोवीस वर्षं झाली.

एका रविवारी सकाळी एक माणूस नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन क्लबात नाव घालायला आला. मी फॉर्म पुढं सरकवला. त्यानं डाव्या हातानं कागद धरला. हात कोपरात थोडा वाकडा होता.

"ओळखलं नाही ना?" तो म्हणाला. "अमृत कारंडे. टेकडीचा गोली."

मी उठून उभा राहिलो. तो हसला आणि त्यानंच मला मिठी मारली. मुलगी मैदानात पळाली आणि आम्ही दोघं बाकावर बसलो. जुनं बोलायला लागलो. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अमृत, तुझ्यामुळंच मी खरं बोललो बघ. तू मला दादा म्हणालास, म्हणून दुसऱ्या दिवशी टेबलापाशी गेलो."

अमृतनं माझ्याकडं वळून बघितलं. "तुम्ही गेला होतात? समितीकडं?"

"म्हणजे काय. म्हणून तर बंदी टळली."

"बंदी त्याच्या आदल्या दिवशीच टळली होती की, दादा."

 मग त्यानं सांगितलं. त्याचे वडील त्या संध्याकाळी पोलिसांत जाणार होते. त्या घोड्याला कोर्टात उभा करतो, असं वॉर्डभर ओरडून झालं होतं. समितीचे अध्यक्ष आणि आणखी एक जण अमृतला बघायला आले होते. तेवढ्यात गणीचाचा जिना चढून परत आले. नर्सकडून त्यांनी एक कागद मागून घेतला आणि अमृतच्या खाटेच्या कडेला टेकून लिहायला लागले.

"मी जागाच होतो," अमृत म्हणाला. "त्यांनी लिहिलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. पोराच्या वयाचा दाखला खोटा आहे, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पोराला गप्प राहायला मी सांगितलं. पोरगा निर्दोष आहे. जी शिक्षा असेल ती मला करावी. असंच होतं. अध्यक्ष म्हणाले, गणीभाई, नियमानं खेळाडूला तीन वर्षं बसवावं लागतं. तर चाचा म्हणाले, मग तीही माझ्यावर घाला. आणि माझ्या वडिलांना म्हणाले, कारंडे, तुमच्या पोराचा हात मोडला, माझ्या पोराचा पाय मोडू नका. वडील मग पोलिसांत गेलेच नाहीत. पुढं मला महिनाभर दर रविवारी चाचा बघायला यायचे. संत्री घेऊन."

मैदानात पोरांचा गलका चालला होता.  इतकी वर्षं मी पोरांना काय सांगत होतो, तेवढंच डोक्यात फिरत होतं.

पुढच्याच रविवारी मी मिरजेला गेलो. चाचा घराच्या पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते. ऐंशीला टेकलेले, दाढी पांढरीशुभ्र. सुनेनं मला आत घेतलं. चाचांनी नेहमीसारखं विचारलं, "गुडघा कसा हाय?"

या वेळी मी सटकलो नाही. त्यांच्या पायांशी जमिनीवर बसलो.

"चाचा, तो कागद तुम्ही का लिहून दिलात?"

त्यांनी कुठला कागद असं विचारलं नाही. "कुणी सांगितलं?"

"अमृतनं."

"हात कसा हाय त्याचा?"

"थोडा वाकडा राहिलाय. पण चालतंय त्याचं. पोरगीला आमच्याकडं घातलंय." मी थांबलो. "चाचा, तुम्ही जन्मात कधी खोटं बोलला नाहीत. आणि माझ्यासाठी एवढं खोटं लिहिलंत."

ते एकदम तडकले. म्हातारपणातही आवाज मैदानावरचाच होता. "खोटं? कसलं खोटं? तुझ्या ओठावर मिसरूड फुटलेली मला दिसत न्हवती व्हय? पहिल्याच आठवड्यात दिसली होती. अकरा वरसाच्या पोराच्या पिंढऱ्या तशा असत्यात का कधी? सगळं दिसत होतं. पण तालमीला अकरा वरसं कप न्हवता. मी मनाला म्हटलं, गणी, कागद बघणं कमिटीचं काम, तुझं काम खेळ शिकवायचं. असं म्हणत दोन वरसं डोळं मिटून घेतलं. ते पोरगं माझ्या कडेवर इव्हळत होतं तवा डोळं उघडलं. मग सांग, मी काय खोटं लिहिलं?"

मी म्हणालो, "पोराला गप्प राहायला मी सांगितलं, असं लिहिलंत. ते तर खोटं होतं."

 चाचा दाढीवरून हात फिरवत हसले. "तेवढं एक वाक्य. त्याचं मी अल्लाला सांगीन."

"मला वाटायचं, मी टेबलापाशी जाऊन सांगितलं, म्हणून तुमच्यावर बंदी आली. म्हणून मी तुमच्यापुढं यायचो नाही."

"कुठल्या टेबलापाशी?"

"समितीच्या. फायनलच्या दिवशी सकाळी. मी जाऊन सगळं सांगितलं होतं, चाचा. काकांना न विचारता."

चाचांचा हात दाढीवरच राहिला. ते खुर्चीत पुढं झाले. "तू गेला होतास?"

"अनवाणी गेलो होतो."

"मला कुणी बोललं न्हाई," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "अध्यक्षबी बोलला न्हाई. मला वाटलं, पोरगं भ्यालं, घरात बसलं. म्हटलं, असू दे, लहान हाय. तू मला टाळायचास, तवाबी तेच वाटायचं. वाईट वाटायचं, रघू. खोटं कशाला सांगू? खेळ शिकवला, पण ते शिकवायचं ऱ्हाऊन गेलं, असं वाटायचं."

त्यांनी सुनेला हाक मारली. ती आतून धावत आली, तर म्हणाले, "शबाना, हा बघ कोण आलाय. ह्यो आपणहून गेला होता. सोळा वरसाचा असताना. कुणी न सांगता."

तिला काय कळणार. ती हसून मान हलवून आत गेली. चाचा माझं डोकं दोन्ही हातांत धरून बसले होते.  मला आभार मानायचे होते. वाटेत एसटीत मी वाक्यं जुळवली होती.  ती सोडून मी नुसता त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून राहिलो. 

मोसम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी मी गाडी पाठवून चाचांना मैदानावर आणलं. खुर्ची रेषेच्या आत ठेवली, बाहेर नाही. पोरं नेहमीप्रमाणं गोल बसली. मागं अमृत उभा होता. मी गोष्ट सांगितली, या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत. दाखला, मिसरूड, मोडलेला हात, खाटेच्या कडेवर लिहिलेला कागद, रस्त्यावर पडलेले बॉल. टेबलापाशी गेलेल्या पोराचंही सांगितलं, पण जेवढं होतं तेवढंच.

पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळी वळून चाचांकडं बघत होती. चाचा अवघडून इकडंतिकडं बघत होते. मग पुढं बसलेल्या एका बारक्या पोरानं हात वर केला.

"सर, ह्यांनी तुमच्या वाटची शिक्षा घेतली. मग तुम्ही काय केलंत?"

मी चाचांकडं बघितलं आणि म्हणालो, "मी खेळलो."